काहून विचारणारी सुजाता

सुजाता मला दिसायच्या आधी ऐकू आली. मागच्या हिवाळ्यात नांदेडहून हिंगोलीला येताना आमची जीप वारंगा फाट्यावर पंक्चर झाली, म्हणून आम्ही सगळे उतारू रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. शेजारी पेरूचा गाडा होता. एक बाई त्या पेरूवाल्याला विचारत होती, की तो पेरूंवर सारखं पाणी काहून मारून राहिला. तो म्हणाला, पेरू ताजे दिसतात. ती म्हणाली, ताजे असतील तर तसेही दिसतील, मग पाणी काहून? तो म्हणाला, सगळेच मारतात.

"सगळेच काहून मारतात?"

या तिसऱ्या 'काहून'ला मी कप खाली ठेवला. समोरच्याला जराही न दुखवता आणि तरीही न सोडता हा शब्द विचारणारं माणूस मला आयुष्यात एकच माहीत होतं.

मी जवळ गेले. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला, पण पदर खोचायची पद्धत तीच. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, म्हणाली, "मंगे, तू जाड झालीस," आणि माझा हात असा धरला, की जणू आम्ही कालच शाळेच्या फाटकातून वेगळ्या झालो होतो. मधे पंचवीसेक वर्षं गेली होती. मला आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ जुना, ओळखीचा हेवाही आला. सुजाताचा मला पहिल्या दिवसापासून हेवा वाटत आलेला आहे, आणि त्याची मला कधी फार लाजही वाटली नाही.

आम्ही हिंगोलीत आठवीला एका बाकावर आलो. माझं गाव नरसीच्या अलीकडं. आमच्या घराण्याकडं गावातल्या महादेवाची पूजा. आबा, म्हणजे माझे वडील, पहाटे उठून पिंडी धुवायचे, बेल वाहायचे. घरात देवाशिवाय दुसरा विषय नव्हता. सुजाताचे वडील रेल्वेत गँगमन. स्टेशनाजवळ त्यांचं दोन खोल्यांचं घर, पलीकडं त्यांच्या वस्तीचं बुद्धविहार. ती वर्गात हात वर करायची नाही, सरळ उभीच राहायची. कावळा काळा काहून, व्याकरणात नपुंसकलिंग काहून, मुलींनीच वर्ग काहून झाडायचा. शिक्षक वैतागायचे, पण तिला छडी मारलेली मला आठवत नाही. तिच्या विचारण्यात उद्धटपणा नव्हता, हीच अडचण होती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं.

पहिल्यांदा ती आमच्या गावी आली तेव्हा आईनं तिला पाणी दिलं ते परसातल्या फळीवरच्या वेगळ्या पेल्यात. सुजाता पाणी प्यायली, तिनं पेला पाहिला, फळी पाहिली. मला वाटलं, ही आता पुन्हा यायची नाही. पुढच्या रविवारी ती आली. आल्या आल्या दप्तरातून स्टीलचा एक ग्लास काढून तिनं आईपुढं ठेवला आणि म्हणाली, "काकू, ह्यात द्या. म्हंजे तुमाला तो येगळा धुवायची तकलीफ न्हाई." आवाजात टोमणा नव्हता. असता तर आईला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. आईनं तो ग्लास हातात घेतला. मग आत गेली आणि आमच्याच तांब्या-भांड्यात पाणी घेऊन आली. परसातला पेला पुढं कधी फळीवर दिसला नाही. त्या घरात मी जन्मले होते, तो पेला रोज बघत होते, आणि तो हलवला तिनं. मी तिच्यावर खूश झाले आणि रात्रभर जळतही राहिले.

आबांना मात्र ती आवडायची. ते तिला देवळात ये म्हणायचे. ती पायरीवर बसून म्हणायची, "मला कशाला आत? मी हितंच बरी हाय." आबा हसून तिच्या हातावर खोबरं ठेवायचे. ती विचारायची, हे खोबरं देवानं खाल्लं का. आबा म्हणायचे, न्हाई बाई, तुझ्यासाठी ठिवलं.

कोणाला वाटेल की ती फक्त आमच्याच देवाला प्रश्न विचारायची. तसं नव्हतं. तिनं तिच्या विहारातही तोच घोळ घातला. संध्याकाळच्या वंदनेला वस्तीतले एक वयस्कर गृहस्थ पुढं बसून पालीतल्या गाथा म्हणायचे आणि बाकीचे त्यांच्या मागून. एके दिवशी हिनं त्यांना एका ओळीचा अर्थ विचारला. त्यांना तो सांगता येईना. ते म्हणाले, मोठी झालीस की कळेल. ही म्हणाली, मग मोठी झाल्यावरच म्हणीन. वस्तीत बरीच बोलाबोली झाली. तिची माय चिडली, कारण माय एकही संध्याकाळ चुकवायची नाही. वडील मात्र शांतपणे म्हणाले, म्हणू नको, पण ये, भायेर बस. त्यानंतर कित्येक वर्षं माय आत बसून वंदना म्हणायची आणि सुजाता बाहेरच्या ओट्यावर पाय हलवत बसायची. मी तिच्याकडं मुक्कामाला गेले की मीही त्या ओट्यावर बसायची. आतून आवाज यायचा. आम्ही दोघी चिंचा खायचो.

दहावी-बारावीनंतर आम्ही दोघींनी नांदेडला डी.एड. केलं, एका खोलीत राहून. सरावपाठाचा एक प्रसंग मला अजून खुपतो. माझा पाठ आखीव झाला, फळा सुंदर, वेळेत सुरू, वेळेत बंद. मार्गदर्शक बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. सुजातानं पाऊस कसा पडतो हा पाठ घेतला आणि सुरुवातीलाच पोरांना सांगून टाकलं, की मी एक सांगीन, तुमी काहून विचारा. पोरं सुटलीच. घंटा झाली तरी तिचा पाऊस ढगातच होता. बाईंनी तिला मार्क कमी दिले. पण शाळा सुटल्यावर ती सगळी पोरं तिच्यामागं पार रस्त्यापर्यंत आली, आणि मी माझा तक्ता गुंडाळून एकटी मागून चालत होते.

त्याच खोलीत माझा सोमवार सुटला. मी लहानपणापासून सोमवार धरत होते. तिनं विचारलं, काहून. मी म्हटलं, आबा धरतात. आबा काहून धरतात? देव प्रसन्न होतो म्हणून. "झाला का?" तिनं विचारलं. मला हसू आलं. मग प्रत्येक सोमवारी हा प्रश्न खोलीत आमच्याबरोबर राहायला लागला. ती आग्रह करायची नाही. एका सोमवारी तिनं ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी केली, स्वतः जेवायला बसली, आणि मी तिच्या समोर जाऊन बसले आणि जेवले. चव चांगली होती. पुढच्या खेपेला घरी गेले, आबा अभिषेक करत होते, पिंडीवर धार पडत होती, आणि मला नुसता ओला होणारा दगड दिसला. डोळे बारीक करून पाहिलं, मोठे करून पाहिलं. दगडच होता.

परत येऊन मी तिला सांगितलं. मला वाटलं ती जिंकल्यासारखी हसेल. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आता आपुन दोघी भायेर."

त्या एका 'दोघीं'वर मी पुढची सगळी वर्षं काढली. देव गेल्यावर माणूस मोकळं होतं असं लोक म्हणतात. मला तसं काही झालं नाही. सामान काढून नेलेल्या खोलीत बोललं की आवाज घुमतो ना, तसं आत होऊन बसलं. लग्न झालं, नोकरी लागली, घरात सासूबाईंचे देव होते, त्यांना मी रीतसर हळदकुंकू वाहिलं. सण केले. कोणाला कळलं नाही. पण मनात धरून होते, की कुठंतरी दुसऱ्या एका शाळेत, दुसऱ्या एका गावात सुजाताही अशीच ओट्यावर बसलेली आहे. तिची बदली किनवटकडं झाली, मग आणखी कुठं. भांडण झालं नाही. नुसत्या बदल्या, लेकरं, आजारपणं. मग पत्ताच राहिला नाही.

त्या दिवशी जीप दुरुस्त होऊन निघून गेली, आणि मी सुजाताबरोबर तिच्या घरी गेले. फाट्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर तिचं गाव. मायसाठी तिनं तिथल्या शाळेवर बदली मागून घेतली होती. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी यायचा. घर लहान, अंगणात शेवग्याचं झाड. तिनं चहा ठेवला आणि मी मोबाईल काढला. हिंगोलीतलं आमचं नवं घर दाखवलं, वरचा मजला दाखवला, पुण्यातला मुलगा आणि त्याची गाडी दाखवली, शाळेत झालेला माझा सत्कार दाखवला. तिला माझा थोडा तरी हेवा वाटावा, एवढीच इच्छा होती. तिनं प्रत्येक फोटो मन लावून पाहिला, बोटांनी मोठा करून पाहिला. वरच्या मजल्याच्या गॅलरीत वारा येतो का, विचारलं. मुलगा आबांवर गेला म्हणाली. ती इतकी खरी खूश होती, की मी मोबाईल पर्समध्ये टाकून दिला.

ऊन कलायला लागलं तशी ती उठली, तोंड धुऊन आली, केस विंचरले. म्हणाली, मी जरा विहारात जाऊन येते, तू टेक थोडी. मला वाटलं, काही मीटिंग असेल.

"वंदनेला," ती म्हणाली. "रोजच जाते."

मला काय वाटलं ते सभ्य शब्दांत सांगता येणार नाही. नवऱ्यानं दुसरा घरोबा केल्याचं बायकोला कळावं, तसं काहीतरी. मी विचारलं, आत बसतेस? तिनं मान डोलावली. मग मी तिचाच शब्द तिला विचारला. "काहून?"

ती पुन्हा खाली बसली. आणि तिनं मला मायची हकिकत सांगितली.

वडील गेल्यावर माय हिच्याकडं आली आणि हळूहळू विसरायला लागली. आधी भांडी कुठं ठेवली ते, मग गावाचं नाव, मग लेकीचं. ती सुजाताला शाळेतल्या बाई समजून अहो-जाहो करायची. सगळं गेलं, पण संध्याकाळ गेली नाही. दिवस मावळायला लागला की माय भिंतीला पाठ लावून बसायची आणि वंदना सुरू करायची. मधेच एखादी ओळ निसटायची, मग ती घाबरी व्हायची, हातपाय झाडायची, कोणाला आवरायची नाही. पुढची ओळ कोणीतरी हातात द्यावी लागायची. घरात दुसरं होतं कोण? जिनं मोठी झाल्यावर म्हणीन म्हटलं होतं, ती पन्नाशीत आली होती. सुजाता मायच्या शेजारी बसून ओळी पुरवायला लागली. मनात काही नसायचं, ती म्हणाली. लेकराला पाढे सांगावेत तशी सांगायची. कधी कंटाळा यायचा, कधी राग. असं दोन-तीन वर्षं चाललं. मग माय गेली. जलदान विधी झाला, पाहुणे गेले, घर रिकामं झालं.

"संध्याकाळी तांदूळ निवडत बसले होते," सुजाता म्हणाली. "आन् सुरू झालं. मी न्हाई म्हटलं गं मंगे. तोंडानं म्हटलं. मी नुसती आयकत होते. शेवटपर्यंत म्हटलं, आन् मंग लई शांत वाटलं. दुसऱ्या दिवशी उठून विहारात गेले, आत जाऊन बसले."

मी विचारलं, अर्थ कळला का. ती म्हणाली, अर्थ तर तिनं डी.एड.ला असतानाच पुस्तकातून वाचून काढला होता. त्यानं काही झालं नव्हतं.

तिनं हे अगदी सहज सांगितलं, आणि मी आतून पेटले. कारण आबा गेले त्या वर्षी मीही हेच केलं होतं. आबांना देवळात जाणं होईना, म्हणून मी सुट्टी काढून गावी राहिले आणि रोज संध्याकाळी त्यांच्या खाटेशी बसून महादेवाचं स्तोत्र म्हटलं. त्यांनीच लहानपणी शिकवलेलं. माझा आवाज चांगला आहे, सगळे म्हणतात. आबा डोळे मिटून ऐकायचे, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते गेल्यावर चौदाव्या दिवशी मी त्याच वेळी, त्याच जागी जाऊन बसले. मुद्दाम बसले. वाट पाहिली. अंधार पडला, वहिनीनं दिवा लावला, मला जेवायला हाक आली. तोंडातून काही आलं नाही.

हे मी सुजाताला सांगितलं. हे आधी कोणालाही कधी सांगितलं नव्हतं, घरच्यांनाही नाही. सांगताना माझा आवाज चढत गेला. शेवटी मी म्हणून टाकलं, की माझा देव तू काढलास आणि आता स्वतः आत जाऊन बसलीस.

तिनं नाकारावं अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "व्हय. काढला मी."

अंगणात कोणाची तरी शेळी शिरली होती, तिला हाकलून ती परत आली. मग म्हणाली, की मी काय केलं म्हणून मला मिळालं ते मला माहीत न्हाई, आन् तू काय केलं न्हाईस म्हणून तुला मिळालं न्हाई ते बी माहीत न्हाई. तू माझ्यापेक्षा जास्त जीव लावून म्हटलं असशील. हे बराबर न्हाई झालं.

मी विचारलं, मग तुझे प्रश्न संपले का.

"कुठले संपतेत," ती म्हणाली. "रोज तिथं बसून विचारते. उत्तर येत न्हाई. पण पहिलं उठून जावं वाटायचं, आता बसून ऱ्हावं वाटतं. एवढाच फरक."

तिनं मला समजावलं असतं, ध्यान कर, अमुक वाच, तमक्या शिबिराला जा असं सांगितलं असतं, तर मी तिच्यावर मनसोक्त चिडून हिंगोलीला निघून गेले असते. तिनं यातलं काही केलं नाही. पदर नीट केला आणि विचारलं, येतीस का. मी गेले.

विहार म्हणजे एक लहानसा हॉल, निळ्या पट्ट्याचा. पुढं बुद्धाची मूर्ती, बाजूला तसबिरी, मेणबत्त्या, उदबत्तीचा वास. पंधरा-वीस बायका, काही पुरुष, शाळकरी पोरी. मला वाटलं होतं सुजाता पुढं बसत असेल, सगळ्यांना म्हणून दाखवत असेल. ती मधेच कुठंतरी दोन बायकांच्या आड बसली. मी दाराजवळ बसले. वंदना सुरू झाली आणि मी फक्त तिचा आवाज शोधत राहिले. तो सापडायला वेळ लागला नाही, कारण तेवढाच बेसूर होता. सुजाताला सूर कधीच नव्हता. शाळेत राष्ट्रगीताला मी तिला कोपरानं ढोसायची. ती तसंच म्हणत होती, खरखरीत, एखादी मात्रा पुढं, एखादी मागं, आणि तिला त्याचं काही नव्हतं. माझ्या गळ्यात आबांनी घातलेला आवाज होता, स्वच्छ, तयार, आबा गेल्यापासून कपाटात ठेवलेल्या शालूसारखा. मी ओठ मिटून बसले होते. तिच्या त्या फाटक्या आवाजाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा जगात कोणाच्या कशाचाही वाटला नसेल. एकदा वाटलं, उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसावं. पण बाहेर एकटीनं काय बसायचं. मी तिथंच बसून राहिले.

वंदना संपल्यावर बायकांनी माझी चौकशी केली. सुजातानं सगळ्यांना सांगितलं, ही माझी मैत्रीण, हिचा आवाज लई गोड हाय. मी तिथून लगबगीनं निघाले.

ती फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, पेन्शनबद्दल बोललो, वर्गातल्या कोण कोण मेल्या ते मोजलं. हिंगोलीकडं जाणारी जीप भरत आली होती. तिनं ड्रायव्हरला सांगितलं, बाईंना पुढं बसवा, पाय दुखतेत त्यांचे. मी माझ्या पायांबद्दल तिला अक्षर बोलले नव्हते. ड्रायव्हर म्हणाला, पुढची शीट दिलेली आहे. तिनं काहून म्हणून विचारलं, आणि दोन मिनिटांत मी पुढं बसले होते.

ती खिडकीशी आली, माझ्या हातावर हात ठेवला. पुन्हा ये म्हणाली. मी येईन म्हटलं. येईन की नाही, ते मला आजही माहीत नाही. तिच्या घरी परत जायला मन ओढतं, आणि तिथं काय बघावं लागेल ते आठवून मागं फिरतं.

जीप निघाली, पण फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती, म्हणून आम्हाला थांबावं लागलं. मी मान वळवून पाहिलं. रस्त्यापलीकडं धुळीत सुजाता उभी होती, ओलांडायची वाट बघत. मी अजून तिथंच आहे हे तिला माहीत नव्हतं. एवढ्या मोठ्या रस्त्याकडेला ती फार लहान दिसली, आणि मला एक क्षण बरं वाटलं, की आता ही अंधाराच्या तोंडाला रिकाम्या घरी जाईल, भाकरी थापेल, आतून माझ्यासारखीच एकटी.

ट्रकांचे दिवे एकेक करून तिच्या तोंडावरून जात होते. तिचे ओठ हलत होते. हॉर्नच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. हात पाठीमागं धरून, काही घाई नसल्यासारखी ती उभी होती. ती एकटी नव्हती.